नाव निघालं, कागद कुठे आहे?

मालेगावहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघालं, की शंभरेक किलोमीटरवर नाशिकरोडचा सरकारी छापखाना लागतो. उलट्या दिशेने निघालं, तर तासाभरात धुळं येतं. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्याचं एक मूळ नाशिकरोडला आहे. त्यात अटक झालेला एक आमदार धुळ्याचा होता. मालेगाव या दोन टोकांच्या मध्ये आहे. त्यामुळे २००३ सालच्या हिवाळ्यात इथल्या कोर्टाच्या आवारात, लूमच्या कारखान्यात आणि चहाच्या टपरीवर एकच विषय होता : ‘आज कोणाचं नाव निघालं?’

तेव्हापासून हा प्रश्न बदललेला नाही. एखादा मोठा गुन्हेगार पकडला गेला की त्याच्याबरोबर कोणाचे फोटो होते, त्याच्या फोनमध्ये कोणाचे नंबर होते, याच्या याद्या मोबाइलवर फिरू लागतात. या याद्यांपैकी खरं काय आणि हवेतलं काय, हे ओळखायची एक रीत आहे. तेलगी प्रकरण ती शिकायला उपयोगी पडतं. मुख्य आरोपी दोषी ठरला आणि वारला. निकाल लागले. ज्यांची नावं गाजली त्यांतले काही सुटले, तर काहींवर कधी आरोपपत्रच आलं नाही. आता गरमागरमी ओसरली आहे, म्हणून कागद शांतपणे वाचता येतो.

माणूस कोण, गुन्हा काय

तेलगीचा जन्म १९६१ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. वडील रेल्वेत नोकरीला होते. ते लवकर गेले, तेव्हा पोराने गाड्यांमध्ये फळं विकून शिक्षण केलं. पुढे तो सौदी अरेबियात गेला आणि परतल्यावर मुंबईत माणसं परदेशी पाठवण्याच्या धंद्यात पडला. १९९१ मध्ये बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात मुंबई पोलिसांनी त्याला पकडलं. १९९४ च्या सुमारास त्याच माणसाला मुद्रांक विक्रीचा परवाना मिळाला. बनावट कागदांसाठी पकडलेल्याला सरकारी कागद विकायचा परवाना कोणत्या टेबलावरून मिळाला, हा या सगळ्या कथेतला पहिला आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे.

त्याने स्वतःचा छापखाना काढला आणि जवळपास ३०० विक्री प्रतिनिधी नेमले. त्याचे गिऱ्हाईक आपल्यासारखे शंभरचा बॉण्ड घेणारे नव्हते. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल अशा घाऊक खरेदीदारांना तो माल पुरवायचा. बाजारात मुद्रांकांचा तुटवडा असे, आणि तेलगीकडे ते हवे तेवढे मिळत. २००० साली बंगळूरमध्ये त्याची माणसं मालासह सापडली. नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेरमध्ये अटक झाली. ७ जून २००२ रोजी पुण्यातल्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि महाराष्ट्रातला तपास तिथून वाढला. त्यात मालेगावसारख्याच यंत्रमागाच्या भिवंडीत गोदाम सापडलं. तिथल्या बनावट मुद्रांकांची दर्शनी किंमत हजारो कोटींच्या घरात होती.

आकड्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. वर्तमानपत्रांनी घोटाळा वीस हजार कोटींचा, तीस हजार कोटींचा असं छापलं. गोदामात पडलेल्या कागदावर छापलेली रक्कम म्हणजे सरकारचं बुडालेलं उत्पन्न नव्हे. तो कागद विकला गेला, तरच नुकसान होतं. दर्शनी किंमत आणि प्रत्यक्ष नुकसान एकच धरलं, की आकडा फुगतो. नावांचंही तसंच होतं.

२८ जून २००७ रोजी संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मोक्का’ कायद्याखालच्या पुण्याच्या विशेष न्यायालयाने तेलगीला १३ वर्षांची सक्तमजुरी दिली. वेगवेगळ्या खटल्यांत मिळून शिक्षा ३० वर्षांपर्यंत आणि दंड २०० कोटींच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात तो वारला. तेव्हाही तो कैदीच होता.

नाशिकरोडचा धागा

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात. तिथून माल रेल्वेने राज्यांच्या कोषागारांत जातो आणि कोषागारातून परवानाधारक विक्रेत्यांकडे. या साखळीची प्रत्येक कडी सरकारी आहे. छापखाना सरकारी, वॅगन सरकारी, वॅगनवरचा पहारा सरकारी आणि कोषागारही सरकारी. म्हणून बाहेरच्या माणसाला आत शिरायचं असेल, तर कुठली तरी कडी आतून ढिली व्हावी लागते.

तेलगीने या छापखान्यातून बाद ठरलेली यंत्रं लिलावात मिळवली. अशी यंत्रं विकण्याआधी निकामी करायची असतात. ती पुन्हा वापरता येतील अशा अवस्थेत बाहेर गेली, हीच इथली गोम. वॅगनमधून अस्सल मुद्रांक चोरल्याचा वेगळा खटला नाशिकच्या न्यायालयात चालला. त्यात रेल्वे सुरक्षा दलाची माणसं आरोपी होती. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचा निकाल लागला आणि आरोपी पुराव्याअभावी सुटले. तेलगीचं नावही त्या निकालात होतं. तो त्याच्या वर्षभर आधीच वारला होता.

हा निकाल नाशिक जिल्ह्यातल्या किती जणांनी वाचला असेल? अटकेची बातमी पहिल्या पानावर आली होती. सुटकेची बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत संपली. सत्ताधाऱ्यांचे संबंध तपासणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी हे गाठीला बांधावं. बातमीचं वजन आणि निकालाचं वजन सारखं नसतं. टिपण करायचं असेल, तर दोन्ही लिहावं लागतं.

कोणाची नावं निघाली

सार्वजनिक नोंदीत असलेली मुख्य नावं क्रमाने पाहू.

पोलीस दल. जानेवारी २००३ मध्ये तपास पथकाचे प्रमुख सुबोधकुमार जयस्वाल यांना तेलगी मुंबई पोलिसांच्या कोठडीत सापडला नाही. तो कफ परेडच्या स्वतःच्या घरी होता. जयस्वालांनी तसा अहवाल दिला. मग तपास पोलिसांकडेच वळला. नोव्हेंबर २००३ मध्ये मुंबई गुन्हे शाखेचे सहआयुक्त श्रीधर वगळ आणि उपायुक्त प्रदीप सावंत यांना अटक झाली. मुंबईचे पोलीस आयुक्त रणजितसिंह शर्मा ३० नोव्हेंबरला निवृत्त झाले आणि १ डिसेंबरला गजाआड गेले. शहराचं पोलीस दल ज्यांच्या हुकमात होतं, त्यांनाच मोक्का लागला. शर्मा त्याआधी पुण्याचे आयुक्त होते, आणि पुण्यातल्या तपासात ढिलाई केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. ७ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. पुढे शर्मा, वगळ आणि सावंत तिघेही आरोपांतून सुटले.

राजकारणी. जून २००३ मध्ये धुळ्याचे आमदार अनिल गोटे यांना अटक झाली आणि अनेक वर्षं ते तुरुंगात राहिले. आपल्याला राजकारणातून गोवलं, असं ते सतत सांगत आले. २००९ आणि २०१४ मध्ये धुळे शहराने त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवलं. आंध्र प्रदेशातल्या एका माजी मंत्र्यालाही अटक झाली होती. कर्नाटकात भावाचं नाव आल्यावर एका मंत्र्याला पद सोडावं लागलं.

महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री छगन भुजबळ यांनी २३ डिसेंबर २००३ रोजी राजीनामा दिला. कारण होतं एका वृत्तवाहिनीच्या कार्यालयावर पक्ष कार्यकर्त्यांनी केलेला हल्ला. तेलगी प्रकरण तेव्हा तापलेलं होतं, त्यामुळे लोकांच्या आठवणीत या दोन गोष्टींची गाठ पडली. सीबीआयने त्यांची चौकशी केली, पण त्यांच्यावर आरोपपत्र ठेवलं नाही. २००४ पासून ते आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याचे आमदार आहेत.

या तीन परिच्छेदांत एकच शब्द, ‘नाव’, निदान तीन वेगवेगळ्या अर्थांनी आला. कोणाला अटक झाली आणि ते सुटले. कोणाची नुसती चौकशी झाली. कोणाच्या नातेवाईकाचा संबंध निघाला. टपरीवर हे सगळे एकाच यादीत येतात. पुढची वर्गवारी त्यासाठीच करायची आहे.

पाच पायऱ्या

एखाद्या बड्या माणसाचा गुन्हेगाराशी संबंध आहे असं कानावर आलं, की तो कोणत्या पायरीवर आहे ते ठरवावं.

पहिली पायरी, बोलवा. ‘सगळ्यांना माहीत आहे’ या वाक्याने ती ओळखू येते. तेलगीने डान्सबारमध्ये एका रात्रीत अमुक लाख उधळले, हा किस्सा वीस वर्षं फिरतो आहे. त्याने कुतूहल शमतं, पण परवाना कोणी दिला हे त्यातून कळत नाही.

दुसरी पायरी, आरोपीचं बोलणं. पकडलेला माणूस पोलिसांपुढे नावं घेतो. कधी ती खरी असतात. कधी सूड असतो, तर कधी सुटकेची धडपड. पोलिसांपुढचा कबुलीजबाब सामान्य कायद्यात पुरावा ठरत नाही. मोक्काखाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब वाचला जाऊ शकतो, पण त्यालाही अटी आहेत.

तिसरी पायरी, संपर्काची नोंद. फोन, फोटो, भेटीची वही, बँकेचा व्यवहार. तेलगी बंगळूरच्या तुरुंगातून मोबाइल वापरत होता, आणि कर्नाटकच्या मुद्रांक तपास पथकाने ते फोन ध्वनिमुद्रित केले. अशी नोंद भक्कम असते, पण ती फक्त संपर्क सिद्ध करते. बोलणं कशाबद्दल होतं, हे ऐकावंच लागतं.

चौथी पायरी, देवाणघेवाण. संपर्काच्या आगेमागे परवाना मिळाला का, बदली झाली का, तपास थंडावला का, फ्लॅट कोणाच्या नावावर झाला का? कोठडीतला आरोपी स्वतःच्या घरात सापडणं ही चौथ्या पायरीची गोष्ट आहे, कारण तिथे सरकारी अधिकाराचा वापर त्याच्या सोयीसाठी झालेला दिसतो.

पाचवी पायरी, न्यायालयाचा निष्कर्ष.

वर्तमानपत्रात सगळ्यात जास्त जागा पहिल्या दोन पायऱ्यांना मिळते. खरं काम तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर असतं, आणि ते कंटाळवाणं असतं. तारखा जुळवा, फाइल मागा, सही कोणाची ते पाहा. तिथे पोहोचेपर्यंत बहुतेकांचा दम संपलेला असतो.

डायरीतलं नाव

गुन्हेगाराच्या डायरीत नाव सापडलं, तर ते तिसऱ्या पायरीवर ठेवायचं की नाही? देशाने या प्रश्नाचा मोठा धडा जैन हवाला प्रकरणात घेतला. १९९१ मध्ये सापडलेल्या जैन बंधूंच्या डायऱ्यांत नेत्यांची आद्याक्षरं आणि पुढे रकमा होत्या. १९९६ मध्ये आरोपपत्रं आली. लालकृष्ण अडवाणींनी खासदारकी सोडली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने आरोप रद्द केले, आणि मार्च १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे. नियमित ठेवलेल्या वहीतली नोंदसुद्धा दुसऱ्या आधाराशिवाय एखाद्याला दोषी ठरवायला पुरत नाही, असं त्या निकालाचं सार होतं.

हा निकाल अनेकांना आवडला नाही. मोठ्यांना सुटायला वाट मिळाली, अशी टीका झाली. पण उलट बाजूने विचार करा. उद्या कोणा भामट्याने आपल्या वहीत तुमचं नाव आणि पुढे पाच लाख लिहिले तर? नियम मोठ्यासाठी वेगळा आणि छोट्यासाठी वेगळा ठेवता येत नाही.

त्याच हवाला प्रकरणाचा दुसरा परिणाम मात्र लोकांच्या बाजूचा होता. डिसेंबर १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयवरचा सरकारी दाब कमी करण्यासाठी निर्देश दिले. डायरीने शिक्षा झाली नाही, पण चौकशी कशी व्हावी याची चौकट मिळाली. त्याआधी मुंबई बॉम्बस्फोटांनंतर, १९९३ मध्ये, केंद्र सरकारने एन. एन. व्होरा समिती नेमली होती. गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साटेलोट्यावर तिने अहवाल दिला. १९९५ मध्ये संसदेपुढे त्याची मोजकीच पानं आली, आणि लोकांना हवी होती ती नावं त्यांत नव्हती.

नार्को आणि मालेगाव

तेलगीची नार्को चाचणी २००३ च्या अखेरीस बंगळूरला झाली. तिची चित्रफीत २००६ मध्ये वाहिन्यांवर झळकली आणि त्याने बडबडलेली नावं घराघरांत पोहोचली. इंजेक्शनच्या गुंगीत माणूस खोटं बोलूच शकत नाही, अशी तेव्हा समजूत होती.

त्याच वर्षी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं आणि मोक्का लावला. त्यांच्यातल्या काहींच्या अशाच चाचण्या झाल्या आणि त्यांचे हवालेही छापून आले. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने उरलेल्या आठही जणांना आरोपमुक्त केलं. नववा तोवर मरण पावला होता.

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की संमतीशिवाय नार्को करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याचा हक्क घटनेच्या कलम २० मध्ये आहे. संमतीने चाचणी झाली, तरी गुंगीतलं बोलणं पुरावा नाही. त्या बोलण्यावरून काही वस्तू किंवा माहिती सापडली, तरच तिचा विचार होऊ शकतो.

नार्कोत नाव आलं म्हणून मंत्री दोषी ठरत नाही. आणि मंत्री सुटतो म्हणून आपण चिडतो, पण त्याच नियमाचा आधार आपल्या गल्लीतल्या पोराला लागतो. हे मालेगावला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तारीख पाहा

जगातलं आजचं सर्वात गाजणारं उदाहरण अमेरिकेतल्या जेफ्री एपस्टाइनचं आहे. अल्पवयीन मुलीशी संबंधित लैंगिक गुन्ह्यात २००८ मध्ये त्याने फ्लोरिडात गुन्हा कबूल केला. २०१९ मध्ये नव्या आरोपांखाली अटकेत असताना तो तुरुंगात मरण पावला. त्याच्या विमानाच्या प्रवासनोंदी, फोनवही आणि ईमेल यांत राजघराण्यापासून उद्योगपतींपर्यंत नावं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच्या फाइली खुल्या करण्याचा कायदा केला. त्यानंतर लाखो पानं बाहेर आली, आणि त्याबरोबर नावांच्या याद्याही.

तिथल्या जबाबदार वार्ताहरांनी एक साधी कसोटी वापरली, आणि ती आपल्यालाही लागू पडते : तारीख काय? २००८ च्या आधी भेटलेला माणूस म्हणू शकतो की मला माहीत नव्हतं. शिक्षेनंतरही जाणं-येणं, देणग्या आणि पत्रव्यवहार चालू ठेवणाऱ्याला तसं म्हणता येत नाही.

तेलगीच्या बाबतीत अशा तीन तारखा आहेत. १९९१ ची अटक, नोव्हेंबर २००१ ची अटक आणि २००७ ची शिक्षा. १९९१ नंतर त्याला परवाना देणाऱ्याने पोलिसांचा अहवाल पाहिला होता का, हा पहिल्या तारखेचा प्रश्न. २००१ नंतर कोठडीत त्याची बडदास्त कोणी ठेवली, हा दुसऱ्या तारखेचा. आणि शिक्षेनंतर? जुलै २०१७ मध्ये कर्नाटकच्या तुरुंग उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी अहवाल दिला. परप्पन अग्रहार तुरुंगात तेलगीला खास वागणूक मिळते, हातपाय चेपायला कैदी दिले जातात, असं त्यात म्हटलं होतं. अहवालानंतर काही दिवसांतच रूपा यांची तिथून बदली झाली.

सुटला म्हणजे काय झालं

यादी ठेवणाऱ्याला चार शब्दांतला फरक माहीत असावाच लागतो.

जामीन म्हणजे खटला चालू असताना बाहेर राहण्याची मुभा. त्यात निर्दोषत्वाचा शिक्का नसतो. आरोपमुक्ती म्हणजे साक्षीपुरावे सुरू होण्याआधीच न्यायालयाने सांगणं, की हा खटला चालवण्याइतकाही आधार नाही. निर्दोष मुक्तता म्हणजे पूर्ण खटला चालून आरोप सिद्ध न होणं. आणि आरोपपत्रच नसणं म्हणजे तपास यंत्रणेने न्यायालयात जाण्याइतकं काही सापडल्याचं म्हटलंच नाही.

शर्मांच्या जामिनाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक बारीक पण महत्त्वाची रेघ ओढली. कामातली ढिलाई आणि टोळीला जाणूनबुजून केलेली मदत या वेगळ्या गोष्टी आहेत. मोक्काखाली दुसरी सिद्ध व्हायची असेल, तर त्या माणसाला माहिती होती आणि त्याचा तसा हेतू होता, हे दाखवावं लागतं.

मग ढिलाईची शिक्षा कुठे होते? कायद्याने ती खात्याच्या चौकशीत, बढतीत आणि मतपेटीत व्हायची असते. न्यायालयाने सोडलं म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही. कोठडीतला आरोपी घरी कसा पोहोचला, हा प्रश्न आजही विचारता येतो. फक्त तो विचारताना ज्याला न्यायालयाने सोडलं, त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही.

कागद कुठे मिळतात

हे काम फक्त मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांचं नाही. खानापूरचे कार्यकर्ते जयंत तिनईकर यांनी तेलगीविरुद्ध तक्रारींचा पाठपुरावा केला. अण्णा हजारे जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्यामागे असे खालून रेटलेले कागद होते.

मालेगावात बसून काय काय पाहता येतं?

गुन्ह्याची फिर्याद. सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या फिर्यादी पोलिसांनी संकेतस्थळावर टाकायच्या असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि ठाणं निवडून त्या पाहता येतात.

खटल्याची स्थिती. ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या सीएनआर क्रमांकाने तारखा, आदेश आणि निकाल दिसतात. निकालाची अधिकृत प्रत हवी असेल, तर न्यायालयात नकलेचा अर्ज करावा.

उमेदवाराचं शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि कर्ज जाहीर करावं लागतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवली, की पाच वर्षांत काय वाढलं ते दिसतं. २०२० च्या आदेशानंतर गुन्हे असलेला उमेदवार का निवडला, याचं कारणही पक्षाने छापायचं असतं. आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून, दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी तत्काळ जाते.

जमीन आणि घरं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो. कोणी कोणाकडून काय घेतलं आणि किती मुद्रांक भरला, ते त्यात असतं. संबंध शोधणाऱ्यासाठी याच्याइतका बोलका कागद क्वचितच दुसरा असेल.

माहितीचा अधिकार. परवान्याची फाइल, शिफारसपत्र, खात्याच्या चौकशीचा निष्कर्ष हे २००५ च्या कायद्याखाली मागता येतं. तपासात अडथळा येईल असं सांगून नकार मिळू शकतो. पण अडथळा कसा येईल, हे त्यांनी सांगावं लागतं. नुसतं ‘तपास चालू आहे’ म्हणणं पुरत नाही, म्हणून अपील करावं.

आणि एक इशारा. कोणाचं नाव पुढे पाठवणं म्हणजेही प्रसिद्ध करणं. ‘जसं आलं तसं पाठवलं’ हा बदनामीच्या खटल्यात बचाव होत नाही. पीडितांची ओळख उघड करणारा कागद तर कधीच पुढे पाठवू नये, मग तो कितीही खरा असो.

बॉण्ड बदलला

तेलगीनंतर मुद्रांकाची व्यवस्था बदलली. मोठ्या रकमेचे छापील कागद मागे पडले. फ्रँकिंग, ई-स्टॅम्पिंग आणि ऑनलाइन चलन आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने शंभरच्या जागी किमान मुद्रांक पाचशेचा केला. चोराला सरकारी कागदाचा साठा करून ठेवता येईल, अशी जागा आता पूर्वीइतकी उरलेली नाही.

यंत्रं बदलली, पण परवाना देणारी, बदली करणारी आणि कोठडीची किल्ली ठेवणारी टेबलं तीच आहेत. त्या टेबलांवर कोणाची सही झाली, हे तेव्हाही फाइलमध्येच सापडलं असतं आणि आजही तिथेच सापडेल.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर एखादी यादी आली, की ती पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या पायरीवरचं आहे? तारीख काय? आणि शेवटचा निकाल काय लागला? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर नाव खुशाल घ्या, मोठ्याने घ्या. एकाचंही मिळालं नाही, तर मालेगावच्या त्या नऊ घरांची आठवण ठेवा आणि आधी नकलेचा अर्ज करा.